एका आईचा मृत्युलेख : ‘कन्फेशन्स’चा नववा खंड

आई वारल्यानंतर महिन्याच्या किंवा वर्षाच्या मिस्सेला छोटी स्मरणपुस्तिका काढण्याची चाल आपल्या काही घरांतून दिसते. मुखपृष्ठावर आईचे छायाचित्र, आत मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे दोन शब्द. आई पहाटे उठे, रोज मिस्सेला जाई, भगिनी मंडळात राबे, आजाऱ्यांना भेटे, सणाला वेदी सजवी. यातले काहीच खोटे नसते. पण अशा पाचसात पुस्तिका ओळीने वाचल्या, की एका घरच्या आईचे पान दुसऱ्या घरच्या पुस्तिकेत घातले तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, असे वाटू लागते. शेवटी ‘आईसाठी प्रार्थना करा’ अशी विनंती असते. ती वाचून आम्ही मात्र अडखळतो. कारण प्रार्थनेची गरज भासावी असे काहीच लिहिणाऱ्यांनी मागे ठेवलेले नसते.

या निमित्ताने संत ऑगस्टिन यांच्या ‘कन्फेशन्स’चा नववा खंड आम्ही पुन्हा काढून वाचला. हे आत्मनिवेदन इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमाराचे. तोवर ऑगस्टिन उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप झाले होते, आणि आई मोनिका निवर्तून दहा वर्षे लोटली होती. तेरा खंडांच्या या ग्रंथात नवव्या खंडाचा उत्तरार्ध म्हणजे मुलाने लिहिलेला आईचा मृत्युलेखच होय. २७ ऑगस्टला मोनिकेचा सण येतो, तेव्हा पुत्रासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी माता एवढीच तिची ओळख प्रवचनांतून होते. ती खरी आहे, पण अपुरी आहे.

आईचे गुणगान कोठून सुरू करावे? ऑगस्टिन आरंभालाच तिच्या बाळपणीची एक वाईट खोड सांगतात. पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम घरच्यांनी या मुलीला दिले होते. प्रथम तिने केवळ खोडसाळपणाने ओठ ओले केले, मग रोज थोडा अधिक, आणि असे करता करता पेलेच्या पेले रिते होऊ लागले. एके दिवशी भांडणात दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले. ते मनाला इतके झोंबले की खोड तेथेच सुटली. ही हकीकत ऑगस्टिन यांना कळली कोणाकडून? खुद्द आईकडून! आपली लाज स्वतःच्या मुलाला सांगणारी आई, आणि बिशपपदावर असताना ती जगापुढे मांडणारा मुलगा, दोघांचाही येथे आदर वाटतो. मराठी वाचकाला हा मोकळेपणा अगदी अनोळखी नाही. लक्ष्मीबाई टिळक आपल्या ख्रिस्तसभेतल्या नव्हत्या, पण १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त भक्ती आणि स्वतःची फजिती एकाच घरात सुखाने नांदतात.

मोनिकेच्या सेवेचे वर्णनही असेच सजीव आहे. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे त्या लापशी, भाकरी आणि द्राक्षारसाची टोपली घेऊन हुतात्म्यांच्या स्मृतिस्थळी जात. मिलानला तशाच निघाल्या, तो द्वारपालाने अडवले. मद्यपानाला निमित्त मिळू नये आणि मृतांसाठी होणाऱ्या मूर्तिपूजकांच्या विधींशी साम्य राहू नये, म्हणून बिशप अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. मोनिकेने निमूटपणे टोपली खाली ठेवली आणि देता येईल ते गोरगरिबांना देऊ लागल्या. दुसरा कोणी साधा लेखक येथे आईच्या आज्ञाधारकपणाची स्तुती करून थांबला असता. ऑगस्टिन मात्र हळूच जोडून देतात, की अँब्रोज यांच्यावर तिची इतकी माया नसती आणि हीच बंदी दुसऱ्या कोणी घातली असती, तर आई इतक्या सहजासहजी वाकली नसती! मुलाने आईला किती ओळखले होते, हे या एका शेऱ्यावरून कळते.

पुढे ३८६ साली बालसम्राटाची आई जस्टिना हिने एरियन पंथीयांसाठी मिलानचे चर्च मागितले, तेव्हा भाविक रात्रंदिवस चर्च धरून बसले. त्या जागरणात मोनिका आघाडीवर होत्या. आणखी एक गुण मुलाने मुद्दाम नोंदवला आहे. भांडलेल्या दोन बायका त्यांच्यापाशी एकमेकींविरुद्ध गरळ ओकत, पण इकडचे तिकडे नेताना मोनिका तेवढेच नेत, ज्याने समेट होईल. धर्मग्रामातील कोणत्याही मंडळात काम केलेल्या वाचकाला या गुणाचे मोल सांगावे लागणार नाही.

मात्र हा लेख आम्ही डोळे मिटून डोक्यावर घेणार नाही. मोनिकेचा पती पॅट्रिशियस तापट होता आणि एकनिष्ठही नव्हता. गावातल्या इतर बायका तोंडावर माराच्या खुणा घेऊन येत, तेव्हा मोनिका त्यांना अर्धवट थट्टेने सांगत, की विवाहाचा करार म्हणजे आपल्या दास्याचा दाखला समजावा आणि धन्यापुढे ताठा करू नये. हे मानले त्यांचे भले झाले, असे ऑगस्टिन कौतुकाने लिहितात. या परिच्छेदाचे दाखले देऊन आजही सोसणाऱ्या बाईला आणखी सोसायला सांगितले जात असेल, तर तो मोनिकेचा सन्मान नव्हे. चौथ्या शतकातील एका बाईने निभावण्यासाठी काढलेली ती वाट होती, सुवार्तेची शिकवण नव्हे. मृत्युलेखात त्या वाटेची स्तुती झाली, ही लेखकाची मर्यादा होय.

दुसरी गोष्ट लेखकाने न बोललेली. ऑगस्टिन यांच्यासोबत अनेक वर्षे राहिलेली, त्यांच्या मुलाची आई झालेली एक स्त्री होती. प्रतिष्ठित घरी विवाह ठरला, त्यात मोनिकेचा पुढाकार होता, आणि या स्त्रीला दूर करण्यात आले. मुलगा अदिओदातस याला मागे ठेवून ती आफ्रिकेला परतली. आपले काळीज फाटल्याचे ऑगस्टिन सहाव्या खंडात सांगतात, परंतु आईच्या वाट्याचा हिशेब तेथे मांडत नाहीत आणि नवव्या खंडातही मांडत नाहीत. त्या स्त्रीचे नावसुद्धा ग्रंथात कोठे येत नाही.

तरीही शेवटची पाने वाचताना आमचा सगळा तक्रारीचा सूर मावळला. ३८७ साली ऑस्टिया बंदरात, मायदेशी जाणाऱ्या गलबताची वाट पाहत असता मोनिकेला ताप आला, आणि नवव्या दिवशी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पतीशेजारी पुरले जावे ही त्यांची जन्माची हौस होती. आता त्या म्हणाल्या, की देह कोठेही ठेवा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा म्हणजे झाले. प्राण जाताच नातू अदिओदातस याने हंबरडा फोडला आणि मोठ्यांनी त्याला गप्प केले. वयाच्या ३३ व्या वर्षात असलेले ऑगस्टिन स्वतः दफनापर्यंत डोळे कोरडे ठेवून वावरले. शोक धुऊन जाईल म्हणून स्नानगृहात गेले, तोही उपाय चालला नाही. रात्री झोपून उठल्यावर एकांतात अँब्रोज यांचे गीत आठवले आणि मग तासाचा थोडासा भाग ते आईसाठी रडले. आम्हाला मात्र मोठ्यांपेक्षा त्या मुलाचे रडणेच अधिक खरे वाटते.

यानंतर ऑगस्टिन आईच्या सत्कृत्यांची यादी बाजूला सारतात आणि तिच्या पापांची क्षमा मागतात. स्नानसंस्कारानंतर तिच्या तोंडून एकही वावगा शब्द गेला नाही, असे म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही, हे ते स्पष्ट सांगतात. मग वाचकांना विनवतात, की माझ्या आईवडिलांना वेदीपाशी आठवा. आणि येथे, साऱ्या ग्रंथात प्रथमच व एकदाच, आईचे नाव येते : मोनिका. सोबत पॅट्रिशियसचेही.

या खंडाची ही पाने वाचून झाल्यावर रविवारच्या मिस्सेत आम्ही ती दोन नावे आठवणीने घेतली. आफ्रिकेला परतलेल्या त्या बाईसाठीही, नाव ठाऊक नसताना, एक प्रार्थना म्हटली.