बाहेरून बदललेले जग

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना संगणकावरच्या खेळाशी काय देणंघेणं, असं काहींना वाटेल. पण 'माइनक्राफ्ट' बघा. खेळाडू एकेक ठोकळा रचून घर बांधतो, डोंगर पोखरतो. हे सगळं जग फाइलींत साठवलेलं असतं: लांबी-रुंदीने १६ बाय १६ ठोकळ्यांचा एक तुकडा, असे १०२४ तुकडे एका फाइलीत. म्हणून काही मंडळी खेळात उतरतच नाहीत. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहितात: जिथे माती दिसेल तिथे दगड ठेव. अनेक दिवसांचं काम थोडक्यात उरकतं.

यात मुळात गैर काही नाही. २०१४ साली डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने आपला अख्खा देश, सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर, १:१ प्रमाणात माइनक्राफ्टमध्ये उभा केला. उंचीची आणि नकाशांची माहिती प्रोग्रॅमला देऊनच ते शक्य झालं. हातांनी तो देश कधी पुरा झाला नसता.

माझा आक्षेप वेगळा आहे. न्यायदर्शनात ईश्वर हा जगाचं निमित्तकारण. घडा आणि कुंभार हे त्याचं नेहमीचं उदाहरण. कुंभार मातीच्या बाहेर असतो खरा, पण माती त्याच्या हाताला सांगते, पाणी जास्त झालं, थांब. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला कोणी थांबवत नाही. खेळात खालचा ठोकळा काढला की वरची वाळू कोसळते. फाइलीत काढला तर ती तशीच अधांतरी राहते, शेजारी काही हलेपर्यंत. पेटीची नोंद वेगळी, पेटीतल्या वस्तूंची वेगळी; एक बदलून दुसरी विसरलात की कुणाची तरी कमाई गेली. स्क्रिप्टला 'माती' कळते, कुणाचं अंगण कळत नाही.

डेन्मार्कचंच पुढे ऐका. तिथे स्फोटकं बंद ठेवली होती, पण स्फोटकं भरलेली खाणगाडी बंद करायची राहिली. काही आठवड्यांतच खेळाडूंनी ती शोधली आणि इमारती उडवल्या. बाहेरून घडवणाऱ्याला जे दिसलं नाही, ते आत वावरणाऱ्याला लगेच दिसलं.

नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. रामकुंड परिसरात गोदापात्राच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. तीही एक स्क्रिप्टच: जिथे तळ, तिथे काँक्रीट. तळातले जिवंत झरे बंद झाले, अशी तक्रार घेऊन लोकांना न्यायालयापर्यंत जावं लागलं.

मग करायचं काय? खेळ चालू असताना त्याच्या फाइलींना हात लावू नका. दोघं एकदम लिहू लागले तर फाइल बिघडते. आधी प्रत काढा. एका लहान तुकड्यावर स्क्रिप्ट चालवून बघा. त्या जगात दुसरं कुणी बांधकाम केलं असेल तर त्याला विचारा. आणि सगळं झाल्यावर स्वतः आत जाऊन पायी हिंडा. फाइल उघडली म्हणजे काम नीट झालं, असं नव्हे.

फाइलीची जुनी प्रत परत ठेवता येते. गोदावरीची प्रत कुणीच काढून ठेवलेली नाही, म्हणून ही सवय खेळातच लागलेली बरी.