बसायची जागा

वास्तू माणसाला शांत करू शकते का, हा प्रश्न हल्ली निघतो तो बहुधा ध्यानमंदिरांच्या निमित्ताने. काचेच्या बंद भिंती, यंत्राची गार हवा, दाराशी ‘शांतता राखा’ अशी पाटी. अशा दालनात माणूस गप्प बसतो खरा. पण खिशातला मोबाईल थरथरला की हात तिकडे जातोच. गप्प होणे वेगळे आणि स्वस्थ होणे वेगळे. हा फरक मला अहमदाबादच्या एका इमारतीत कळला.

साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय चार्ल्स कोरिया यांच्या उमेदीच्या काळातले. 1963 साली ते खुले झाले. सहा मीटर लांबी-रुंदीचे चौकोन एकाला एक जोडत नेलेले. विटांचे खांब, दगडी फरशी, वर उतरती कौलारू छपरे. काही चौकोनांना भिंती आहेत, काहींना नुसतेच छप्पर. मध्ये उघड्या आकाशाखाली पाणी. खिडक्यांना काच नाही. उजेड आणि वारा लाकडी झडपांतून येतो. काँक्रीटच्या तुळयाच पन्हळीसारख्या केल्या आहेत, त्यांतून पावसाचे पाणी वाहून जाते. दिखाऊ असे काही नाही.

या वास्तूच्या साधेपणाची वाखाणणी पुष्कळ होते. मला मात्र तिचे अर्धवटपण मोलाचे वाटते. सारी इमारत एका नजरेत दिसत नाही, पण पलीकडचा उजेड दिसतो. म्हणून पाय पुढे जातात, आणि घाईही करीत नाहीत. आत आहोत की बाहेर, याचा निकाल लागत नाही. मी एका खांबाला टेकून बसलो. पाण्यावर छपराची सावली सरकत होती. उठलो तेव्हा पाऊण तास गेला होता आणि शांत व्हा असे मला कोणीही सांगितले नव्हते.

हे सुख ओळखीचे होते. आमच्या खानदेशातले धाब्याचे घर आठवा: जाड मातीची भिंत, सपाट छप्पर आणि पुढे ओटा. ओटा ना पुरता घराचा, ना गल्लीचा. तेथे बसणाऱ्याला ‘का बसलास’ असे कोणी विचारत नाही. कोरियांनी आमचा ओटा पाहून काही केले, असा माझा दावा नाही. उन्हाच्या मुलखात माणसाला सावलीतून बाहेर पाहत बसावेसे वाटते, एवढे दोघांनाही ठाऊक होते.

मी राहतो सुरतेच्या गोडादऱ्यात. भुसावळच्या गाडीने उधन्याला उतरलेली आमची कितीतरी माणसे लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात स्थिरावली. लूमची खटखट, घराघरांत साड्यांना खडे चिकटवणाऱ्या बायका, आणि आता प्रत्येकाच्या हातात रील. आमचे रो-हाउस बारा फूट रुंद. कोरियांचा एक चौकोन जवळजवळ वीस फुटांचा. म्हणजे तो आमच्या घरात आडवा मावणारच नाही! रिकामी जागा ही ऐपतीची गोष्ट आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोटा नाही. साबरमतीच्या वास्तूला नदीकाठ मिळाला, झाडे मिळाली.

पण ओट्याला तीन फूट पुरतात, आणि ते आमच्याकडे होते. 2016 साली मीच पुढची खोली आणि ओटा मिळून शटर लावले आणि दुकान भाड्याने दिले. दुकान कसले, तर मोबाईल दुरुस्तीचे. शटर बसले त्या संध्याकाळी अप्पा एवढेच म्हणाले, “आते मी कोठे बसू?” मी त्यांना गच्चीवर खुर्ची नेऊन दिली. गच्चीवरून आकाश भरपूर दिसते, माणूस मात्र दिसत नाही. चार दिवसांत खुर्ची खाली आली.

अप्पा आता संध्याकाळी चौकातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात. गावाकडची आणखी दोघे-तिघे तेथे असतात. फारसे कोणी बोलत नाही.

दुकानाचा करार फाल्गुनात संपतो आहे. शटर काढावे असे मी घरात बोललो. भाड्यावर मुलाची फी जाते, हे पत्नीने दाखवून दिले. तेही खरेच आहे. अजून काही ठरलेले नाही.