घोंगड्याखालचा माइक : ‘ख्वाडा’ कानांनी बघताना

‘ख्वाडा’ तुम्ही बघितला असेल तर पुन्हा एकदा लावा, आणि या वेळी पडद्याकडे पाठ करून बसा. दहा मिनिटं तरी. घरचे विचारतील काय चाललंय म्हणून, पण माझं संशोधन साधारण असंच चालतं. कपड्याखाली दडवलेल्या माइकमध्ये मराठी बोलणं कसं बदलतं, हे मी मोजते. त्यामुळे मी चित्रपट आधी ऐकते आणि मग बघते. आजचा लेख तसा ऐकलेल्या ‘ख्वाडा’बद्दल आहे, आणि त्याला मिळालेल्या एका पुरस्काराबद्दल, जो आता अस्तित्वातच नाही.

आधी माहिती. भाऊराव कऱ्हाडे यांचा हा चित्रपट 2015 मध्ये चित्रपटगृहांत आला. त्याआधीच 2014 सालासाठीच्या 62व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला दोन मान मिळाले होते. एक दिग्दर्शकाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार. दुसरा महावीर सब्बनवाल यांना, चित्रीकरणाच्या जागेवरच केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी. पहिल्याबद्दल भरपूर लिहून आलं. दुसऱ्याबद्दल ‘तांत्रिक पुरस्कार’ एवढंच. आपल्याकडे चित्रपटावर लिहिताना कॅमेऱ्याला दोन ओळी मिळतात आणि आवाजाला बहुतेक वेळा ‘पार्श्वसंगीत परिणामकारक’ एवढं म्हणून सोडून देतात.

आता हा तांत्रिक पुरस्कार नेमका कशाचा, ते बघू.

चित्रपटातलं बोलणं दोन तऱ्हांनी मिळतं. एक, नट नंतर स्टुडिओत येऊन ओठांच्या हालचालीवर पुन्हा बोलतात, म्हणजे डबिंग. दुसरं, कॅमेरा चालू असताना जे बोललं गेलं तेच ठेवायचं, म्हणजे सिंक साउंड. ही दुसरी तऱ्हा आपल्याला नवी नाही. 1932 साली कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ केला तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पार्श्वगायन यायचं होतं, नट बोलेल आणि गाईल ते तिथल्या तिथे पकडायचं. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. पुढे पार्श्वगायन रुळलं, खडखडणारे कॅमेरे घेऊन बाहेर चित्रीकरण व्हायला लागलं, आणि डबिंग हाच नियम झाला. ‘लगान’ने 2001 मध्ये मोठ्या प्रमाणावर सिंक साउंड वापरला आणि नकुल कामटे यांना एच. श्रीधर यांच्याबरोबर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा हिंदीवाल्यांचे कान पुन्हा टवकारले. मराठीत ‘ख्वाडा’ने ही गोष्ट थेट माळावर, मेंढरांच्या कळपात नेली.

आणि मेंढरांच्या कळपात बोलणं पकडणं म्हणजे काय, हे आमच्या शिरोळ भागातल्या कुणालाही विचारा. ऊस तुटून रान मोकळं झालं की शेतात बकरी बसवायला धनगर येतात. कळप जवळून गेला की नुसतं ‘बें बें’ ऐकू येत नाही. खुरांची टपटप, खोकणं, शिंकणं, कुत्र्याचं भुंकणं, आणि त्या सगळ्यावरून धनगराची हाळी. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्यात गळिताचा हंगाम असला तर पलीकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्णकर्कश गाणी.

इथे थोडं गणित करू. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. छातीवरचा माइक तोंडापासून समजा 20 सेंटीमीटरवर आहे. बांबूसारख्या दांड्याला लावलेला बूम माइक चौकटीत दिसून चालत नाही, म्हणून माळाच्या रुंद दृश्यात तो 3.2 मीटर लांब धरावा लागला. 20 चे 40, 80, 160, 320. चार वेळा दुप्पट, म्हणजे 24 डेसिबलचा फरक. बोलणं एवढं खाली गेलं, पण चहूकडे पसरलेल्या कळपाचा गलका दोन्ही माइकना साधारण सारखाच. साहजिकच माइक माणसाच्या अंगावर, कपड्याखाली जातो. आपण ज्याला कॉलर माइक म्हणतो तोच, फक्त कॉलर नसलेल्या माणसावर.

खरी कटकट इथून सुरू होते. कपडा माइकवर घासला की खरखर येते, आणि ती बोलण्याच्याच पट्टीत बसलेली असल्याने नंतर गाळून काढता येत नाही. म्हणून चिकटपट्टीच्या त्रिकोणी घड्या करून माइक कापडाला दोन्ही बाजूंनी असा चिकटवतात की कापड हललं तर माइकही त्याच्याबरोबर हलावा. वायरीला एक सैल वेढा देतात, म्हणजे ओढ थेट माइकला बसत नाही. धुऊन मऊ झालेलं सुती कापड सगळ्यात शहाणं. सिंथेटिक कडकडतं. बंडीची शिवण सोयीची, फेट्याची घडी त्याहून बरी, कारण कपाळ तोंडाजवळच असतं. घोंगडं मात्र फसवं. दिसायला लोकरीचं, वारा अडवेल असं. पण नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि ते पत्र्यासारखं ताठ असतं. माझ्या मोजणीत कोऱ्या घोंगड्याइतका त्रास दुसऱ्या कुठल्या कापडाने दिला नाही. आणि तालमीतला पैलवान तर विचारूच नका. लंगोटावर माइक लावणार कुठे?

एवढं करून बोलणं मिळालं तरी ते पूर्ण मिळत नाही. कापड आणि हनुवटीची आड मिळून आवाजातला वरचा, बारीक भाग खातात. मराठीत हे महागात पडतं. ‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्याने म्हणून बघा. आकड्यातला च टाळूवरचा, आणि जनावराच्या चाऱ्यातला च दातांजवळचा, ‘त्स’सारखा. लिहायला अक्षर एक, पण बोलायला दोन. ‘हे जग’ मधला ज आणि ‘सुखाने जग’ मधला ज यांचंही तसंच. हा फरक मुख्यतः उंच कंप्रतेत राहतो, आणि कापड नेमकं तेच गिळतं. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या दोन च-वर आहे. आईला अजून पटलेलं नाही की यावर कुणी पदवी देतं.

आता ‘ख्वाडा’कडे वळू. शशांक शेंडे यांनी उभा केलेला रघू, म्हणजे फिरस्त्या धनगर कुटुंबाचा म्हातारा, ऐका. त्याच्या तोंडात चारा हा चाराच राहतो. शब्दाच्या शेवटी आवाज पडतो, दम लागतो, वाक्य अर्धं पोराशी आणि अर्धं जनावराशी बोललं जातं. स्टुडिओत उभा राहून नट हे शब्द पुन्हा म्हणू शकेल. पण चालून दमलेल्या छातीचा श्वास, आणि हाळीनंतर खरंच वळलेल्या कळपाचा आवाज त्याला पुन्हा आणता येत नाही. भाऊसाहेब शिंदेंचा बाळू कमी बोलतो, पण त्याच्या गप्प राहण्यातही माळ ऐकू येत राहतो. डब केलेल्या बऱ्याच ग्रामीण चित्रपटांत संवाद थांबला की गाव नाहीसं होतं. इथे तसं होत नाही. ज्या कुटुंबाची जमीन गेली आहे त्याच्या पायाखालची जमीन सतत ऐकू येते, आणि या चित्रपटाचा निम्मा परिणाम त्यातच आहे, असं माझं मत.

सगळंच गोड आहे असं नाही. कपड्यातल्या माइकचा एक जुना दोष आहे : माणूस पडद्यावर लांब आणि आवाज मात्र कानाशी. रुंद दृश्यांत ‘ख्वाडा’ही यातून पूर्ण सुटत नाही. आणि जिथे पार्श्वसंगीत भावना समजावून सांगायला पुढे येतं, तिथे एवढ्या मेहनतीने मिळवलेला माळ मागे ढकलला जातो. मला ते खटकतं.

पण त्याहून जास्त खटकतं ते पुढे झालेलं. राष्ट्रीय पुरस्कारांत ध्वनीचे तीन भाग 2009 सालच्या चित्रपटांपासून वेगळे झाले : जागेवरचं मुद्रण, ध्वनिरचना आणि अंतिम मिश्रण. मग 2022 मध्ये, 68व्या पुरस्कारांच्या वेळी नाचक्की झाली. जागेवरच्या मुद्रणाचा पुरस्कार ज्या ‘डोळ्लू’ या कन्नड चित्रपटाला मिळाला तो सिंक साउंडचा नसून डब केलेला आहे, असं त्याचेच ध्वनिरचनाकार नितीन लुकोस यांनी जाहीर केलं. रसूल पूकुट्टी यांनीही त्यावर आवाज उठवला. म्हणजे परीक्षकांच्या कानांना फरकच कळला नव्हता. यावर उपाय सोपा होता. प्रवेशिकेबरोबर जागेवरच्या मूळ फिती आणि रोजचा साउंड रिपोर्ट मागायचा. त्याऐवजी 70व्या पुरस्कारांपासून तिन्ही भाग मिळून फक्त ध्वनिरचनेचा एकच पुरस्कार उरला.

ध्वनिरचना हे थोर काम आहे, वाद नाही. त्याच 68व्या पुरस्कारांत ‘मी वसंतराव’साठी अनमोल भावे यांना मिळालेला मान रास्तच होता. पण सुगरणीचं कौतुक करताना पहाटे मंडईत जाणाऱ्याला विसरायचं का? उन्हात, कळपात, धुळीत उभं राहून पुन्हा न येणारा क्षण पकडणारा माणूस आता यादीतूनच गेला. उद्याच्या ‘ख्वाडा’चा निर्माता म्हणेल, कशाला एवढा खर्च, डब करू की. आणि डब करताना शिरोळच्या, माणच्या, पारनेरच्या धनगराचा च शहरातल्या एकाच बंद खोलीतून येईल.

या कामाला आणखी एक बाजू आहे, ती मला घराजवळच शिकायला मिळाली. मोजणीसाठी मी शेजारच्या आज्जींच्या लुगड्याच्या पदराखाली माइक लावला होता. शब्दांची यादी वाचून झाली, त्या आत गेल्या आणि जावेशी बोलू लागल्या. 2019 च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हाचं काहीतरी, माझ्यासाठी नसलेलं. हेडफोन माझ्या कानावर होते. दोन वाक्यं ऐकल्यावर मी ते काढले आणि तेवढा भाग पुसून टाकला. बाहेर येऊन आज्जी म्हणाल्या, ‘‘काढ की गं आता ते, का रात्रीबी ऐकणार हाईस?’’ माइक लपवतात तो कॅमेऱ्यापासून. ज्याच्या अंगावर तो आहे त्याला तो आठवणीत राहील, हे बघणं माइक लावणाऱ्याचं काम. ‘ख्वाडा’तल्या माणसांच्या छातीवरही कुणीतरी असाच हात लावून, विचारून माइक बसवला असणार. एवढ्या जवळ दुसरं कुणी जात नाही, कॅमेरासुद्धा नाही.

तर दोन गोष्टी करा. फोन एकदा शर्टाच्या खिशात आणि एकदा बाहेर ठेवून ‘चार’ आणि ‘चारा’ रेकॉर्ड करा, मग डोळे मिटून ऐका आणि कुठला कुठला ते ओळखा. आणि नंतर ‘ख्वाडा’ लावा. शेवटची नामावली येईल तेव्हा टीव्ही लगेच बंद करू नका. ध्वनिमुद्रणाच्या ओळीपर्यंत थांबा आणि ती नावं वाचा.