संकेत आणि सातत्य : 'रुबी ऑन रेल्स'च्या भवितव्याची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात वीस वर्षांचा काळ हा एका पिढीहून मोठा मानावा लागतो. या काळात अनेक भाषा, साधने आणि कार्यपद्धती उदयास आल्या व विस्मृतीत गेल्या. जुलै २००४ मध्ये मुक्तस्रोत स्वरूपात प्रसिद्ध झालेले 'रुबी ऑन रेल्स' हे वेब-फ्रेमवर्क मात्र आजही वापरात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची आठवी प्रमुख आवृत्ती प्रसिद्ध झाली. तरीही 'रेल्स संपले' हे विधान गेली दहा-पंधरा वर्षे सातत्याने केले जाते आणि त्याचे समर्थक त्या विधानाचा तितक्याच आवेशाने प्रतिवाद करतात. या दोन्ही भूमिकांत मूल्यमापनापेक्षा अभिनिवेश अधिक आढळतो.

प्रस्तुत लेखात रेल्सची चिकित्सा त्याच्या स्वतःच्या तत्त्वांच्या आधारे केली आहे. रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०१६ साली 'रेल्स सिद्धान्त' या नावाने नऊ सूत्रे मांडली. कृतीची परीक्षा तिच्या जाहीर केलेल्या तत्त्वांवरून करणे हा समीक्षेचा रूढ मार्ग आहे. तोच मार्ग येथे एका तांत्रिक निर्मितीला लावला आहे.

उगम व स्वरूप

फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारणीचा तयार सांगाडा. वापरकर्त्याची विनंती स्वीकारणे, डेटाबेसमधून माहिती काढणे, ती पानावर मांडणे ही कामे प्रत्येक संकेतस्थळाला करावी लागतात. ती दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी फ्रेमवर्क ती सिद्ध स्वरूपात पुरवते. शिकागो येथील '३७सिग्नल्स' या कंपनीसाठी 'बेसकॅम्प' हे उत्पादन तयार करताना हॅन्सन यांनी जे सामायिक भाग लिहिले, ते वेगळे काढून रेल्स जन्मास आले. म्हणजे रेल्स ही कल्पनेतून रचलेली व्यवस्था नसून प्रत्यक्ष वापरातून गाळून घेतलेली व्यवस्था आहे. तिच्या बलस्थानांचा आणि मर्यादांचा उगम या एकाच वस्तुस्थितीत आहे.

या फ्रेमवर्कसाठी निवडलेली 'रुबी' ही भाषा जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्माण केली व १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्याचे समाधान हे भाषेचे एक ध्येय असावे, अशी मात्सुमोतो यांची धारणा होती. रेल्स सिद्धान्ताचे पहिले सूत्रही प्रोग्रामरच्या आनंदाला अग्रक्रम देते. यंत्राच्या सोयीपेक्षा माणसाच्या सोयीला महत्त्व देणारी ही भूमिका त्या काळात नवी होती. जावा भाषेतील तत्कालीन मोठ्या प्रणालींमध्ये साधे काम करण्यासाठीही मांडणीच्या लांबलचक फाइली लिहाव्या लागत. त्या पार्श्वभूमीवर पंधरा मिनिटांत ब्लॉग तयार करून दाखवणारे २००५ चे रेल्सचे प्रात्यक्षिक विलक्षण प्रभावी ठरले. पुढे अनेक भाषांतील फ्रेमवर्कनी रेल्सची मांडणी कमीअधिक प्रमाणात स्वीकारली. पीएचपीमधील 'केकपीएचपी' व नंतरचे 'लाराव्हेल' ही त्याची ठळक उदाहरणे होत.

संकेताचे सामर्थ्य व मर्यादा

'मांडणीपेक्षा संकेत' हे रेल्सचे मध्यवर्ती सूत्र होय. मराठी समीक्षेला काव्यसंकेत आणि नाट्यसंकेत परिचित आहेत. संकेत मान्य असला की बरेच काही न सांगताही समजते. रेल्समध्ये हेच घडते. एखाद्या घटकाला 'बुक' असे नाव दिले की त्याची माहिती 'बुक्स' नावाच्या तक्त्यात असणार, हे फ्रेमवर्क गृहीत धरते व ते वेगळे सांगावे लागत नाही. एका रेल्स प्रकल्पात काम केलेली व्यक्ती दुसऱ्या अपरिचित प्रकल्पात गेली, तरी कोणती फाइल कोठे सापडेल हे तिला ठाऊक असते. दहा वर्षांपूर्वी लिहिलेला प्रकल्प आज नव्या माणसाच्या हाती देता येतो, याचे श्रेय बहुतांशी या संकेतांकडे जाते.

परंतु संकेत निरपेक्ष नसतो. एकवचनापासून अनेकवचन तयार करण्याचा रेल्सचा नियम मुळात इंग्रजी व्याकरणावर आधारलेला आहे. 'पर्सन'चे 'पीपल' होते, हे फ्रेमवर्कला शिकवावे लागले आहे. इंग्रजी ज्याला सहज अवगत आहे त्याला हा संकेत पारदर्शक वाटतो. इतरांना तो पाठ करावा लागतो. संकेत आतल्यांना मुक्त करतो आणि नवख्यांसमोर उंबरठा उभा करतो. न सांगता घडणाऱ्या गोष्टींना रेल्सचे चाहते 'जादू' म्हणतात, तर टीकाकार त्याच शब्दाचा उपयोग दोष दाखवण्यासाठी करतात.

संकेतामागे दडलेला धोका मार्च २०१२ मध्ये उघड झाला. अर्जातून आलेली सर्व मूल्ये एकाच वेळी नोंदीत भरण्याची सोय रेल्समध्ये होती आणि ती निर्बंधाविना खुली होती. गिटहब या रेल्सवरच चालणाऱ्या संकेतस्थळावर एका तरुण प्रोग्रामरने या उणिवेचा वापर करून रेल्सच्याच मूळ भांडारात बदल करून दाखवला. सिद्धान्तातील एक सूत्र प्रोग्रामरच्या हाती 'धारदार सुऱ्या' देण्याचे समर्थन करते. सुरी धारदार असण्याला हरकत नाही. मात्र ती कोणत्या स्थितीत हाती द्यायची, हे देणाऱ्याने ठरवायचे असते. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत परवानगी दिलेलीच मूल्ये स्वीकारण्याची पद्धत मूळ संकेत म्हणून आली. संकेत सुधारता येतो, हे या प्रसंगाने दाखवले. त्याबरोबरच, चुकीचा संकेत एकाच वेळी असंख्य प्रकल्पांत चूक पेरतो, हेही दाखवले.

प्रगती विरुद्ध स्थैर्य

'स्थैर्यापेक्षा प्रगती' हे सिद्धान्तातील सर्वांत वादग्रस्त सूत्र होय. त्याची किंमत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीने 'कॉफीस्क्रिप्ट' भाषेचा पुरस्कार केला. २०१९ च्या सहाव्या आवृत्तीत 'वेबपॅकर' हे साधन मूळ निवड ठरले. डिसेंबर २०२१ च्या सातव्या आवृत्तीत तेही बाजूला सारून 'इम्पोर्ट मॅप' व 'हॉटवायर' यांचा स्वीकार झाला. एकाच दशकात तीन वेळा दिशा बदलली. प्रत्येक बदलाला त्या त्या वेळी तांत्रिक कारण होते, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्यांनी आधीच्या दिशेने विश्वासाने प्रकल्प उभारले, त्यांच्या श्रमांचा हिशेब या सूत्रात येत नाही.

गिटहबचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ३.२ या आवृत्तीवरून ५.२ वर जाण्यास त्या कंपनीला सुमारे दीड वर्ष लागले व हे काम २०१८ मध्ये पूर्ण झाले. कुशल मनुष्यबळ असलेल्या कंपनीला जे इतके जड गेले, ते दोन-तीन माणसांच्या संस्थेला किती अवघड जाईल, याची कल्पना करता येते. अनेक जुने प्रकल्प असुरक्षित आवृत्त्यांवर अडकून पडण्यामागे हे एक कारण आहे. अलीकडे या भूमिकेत समंजस बदल दिसतो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार प्रत्येक उपआवृत्तीला एक वर्ष दोषदुरुस्ती व दोन वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्ती मिळते. मुदत आधी कळणे हेही एक प्रकारचे स्थैर्यच आहे.

वेगाचा आक्षेप

रेल्स मंद आहे व मोठा भार सोसू शकत नाही, हा आक्षेप प्रामुख्याने ट्विटरच्या उदाहरणावर उभा आहे. २००६ मध्ये रेल्सवर सुरू झालेली ही सेवा पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने जावा व स्काला यांच्याकडे वळली. या एका घटनेवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही. लाखो लोकांमध्ये क्षणार्धात संदेश वाटणे हा ट्विटरचा प्रश्न विशिष्ट स्वरूपाचा होता. उलट शॉपिफाय व गिटहब या कंपन्या प्रचंड आकाराच्या होऊनही रेल्सवरच टिकल्या. शॉपिफायने तर भाषेच्या वेगासाठी स्वतःचे मनुष्यबळ खर्च केले. तेथे विकसित झालेला 'वायजिट' हा संकलक डिसेंबर २०२१ मध्ये रुबी ३.१ मध्ये समाविष्ट झाला. वेगाचा आक्षेप त्यामुळे पूर्णतः निकालात निघाला नसला, तरी तो रेल्सच्या अस्तित्वाला धोका उरलेला नाही.

आठव्या आवृत्तीने वेगळीच दिशा सूचित केली आहे. कामांची रांग, तात्पुरता साठा आणि तत्क्षणी संदेशवहन यांसाठी पूर्वी स्वतंत्र सेवा लागत. आता ही कामे साध्या डेटाबेसवर भागवता येतात व 'कमाल' या साधनाने प्रकल्प स्वतःच्या सर्व्हरवर चढवता येतो. एका व्यक्तीला किंवा लहान गटाला संपूर्ण व्यवस्था पेलता यावी, हा यामागील हेतू आहे. मोठ्या कंपन्यांच्या कार्यपद्धतीचे अंधानुकरण करून लहान संस्थांनी आपल्यावर ओढवून घेतलेल्या गुंतागुंतीला हे सार्थ उत्तर आहे. रेल्सच्या भवितव्याचा सर्वांत आश्वासक भाग तो हाच.

समुदाय : मोठा मांडव कोणाचा?

'मोठा मांडव घालावा' हे सिद्धान्ताचे शेवटचे सूत्र. मतभेद असणाऱ्यांनाही सामावून घ्यावे, असा त्याचा आशय. डिसेंबर २००८ मध्ये या वृत्तीचा उत्तम प्रत्यय आला. 'मर्ब' हे प्रतिस्पर्धी फ्रेमवर्क रेल्समध्ये विलीन करण्याचे जाहीर झाले आणि त्यातील कल्पनांवर २०१० ची तिसरी आवृत्ती उभी राहिली. टीकाकाराला सहनिर्माता करून घेण्याचे असे उदाहरण मुक्तस्रोत जगात विरळाच.

परंतु त्याच सिद्धान्तात दुसरे एक सूत्र आहे. जपानी उपाहारगृहात काय वाढायचे हे ग्राहक आचाऱ्यावर सोपवतो, त्या 'ओमाकासे' पद्धतीप्रमाणे रेल्सची निवड मुख्य आचारी करतील, असे ते सांगते. मांडव सर्वांचा आणि मुदपाकखाना एकाचा, ही रचना आचाऱ्याच्या रुचीवर सर्वांचा विश्वास असेपर्यंतच निर्वेध चालते. सप्टेंबर २०२३ मध्ये 'टर्बो' या घटकातून टाइपस्क्रिप्ट काढून टाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा अनेक योगदानकर्त्यांनी नापसंती नोंदवली, पण निर्णय कायम राहिला. तांत्रिक मतभेदांपलीकडचे ताणही वाढत गेले. एप्रिल २०२१ मध्ये कार्यालयीन व्यासपीठावरील राजकीय चर्चेला बंदी करणाऱ्या धोरणानंतर बेसकॅम्प कंपनीतील सुमारे एकतृतीयांश कर्मचारी बाहेर पडले. त्याचे पडसाद रेल्सच्या समुदायातही उमटले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'रेल्स फाउंडेशन' स्थापन झाले. शॉपिफाय, गिटहब, ३७सिग्नल्स यांच्यासह आठ कंपन्या त्याच्या संस्थापक होत्या व हॅन्सन हे त्याचे अध्यक्ष झाले. फाउंडेशनचे 'रेल्स वर्ल्ड' हे संमेलन २०२३ पासून भरू लागले. २००६ पासून भरणारे 'रेल्सकॉन्फ' मात्र जुलै २०२५ च्या फिलाडेल्फिया येथील अधिवेशनानंतर थांबले. सप्टेंबर २०२५ मध्ये 'रुबी सेंट्रल' या संस्थेने रुबीच्या ग्रंथालयांचे वितरण करणाऱ्या 'रुबीजेम्स' प्रकल्पाच्या भांडाराचा ताबा घेतला. दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या काही व्यक्तींचे अधिकार त्यात गेले. संस्थेने सुरक्षिततेचे कारण दिले, तर विरोधकांनी विश्वासात न घेतल्याचा आक्षेप घेतला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये ते भांडार रुबीच्या मूळ चमूने आपल्या देखरेखीखाली घेत असल्याचे मात्सुमोतो यांनी जाहीर केले. या घटनांतून एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. ज्या सामायिक संपत्तीवर हजारो प्रकल्प अवलंबून आहेत, तिचा विश्वस्त कोण? मुक्तस्रोत परवान्याने आज्ञावली वापरण्याचा हक्क मिळतो. निर्णयप्रक्रियेत सहभागाचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही.

भारतीय संदर्भ

रेल्सच्या प्रसारात महाराष्ट्राचा व गोव्याचा वाटा दुर्लक्षणीय नाही. पुण्यातील काही सॉफ्टवेअर कंपन्यांनी प्रारंभापासून रेल्सवर लक्ष केंद्रित केले. 'रुबीकॉन्फ इंडिया' हे संमेलन २०१२ व २०१३ मध्ये पुण्यात, तर २०१४ व २०१५ मध्ये गोव्यात भरले. परंतु हे ज्ञान कंपन्यांच्या आवारातच वाढले. सी, जावा वा पायथनला महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत जे स्थान लाभले, ते रुबीला क्वचितच मिळाले. परिणामी रेल्स येणारी पिढी उमेदवारीतून घडली, वर्गातून नव्हे. आता कंपन्या अनुभवी माणसांनाच पसंती देऊ लागल्या, तर उमेदवारीची ही वाटही अरुंद होईल. ज्या समुदायात नवखे येत नाहीत, तो उत्तम साधन हाती असूनही वृद्ध होतो. यंत्राच्या साहाय्याने आज्ञावली लिहिण्याच्या काळात ठरीव संकेत असलेली फ्रेमवर्क अधिक सोयीची ठरतील, असा युक्तिवाद केला जातो व त्यात तथ्य आहे. मात्र यंत्राने लिहिलेले तपासण्यासाठी संकेत जाणणारी माणसे लागतातच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रेल्सचे वार्धक्य तांत्रिक नाही. वेग, सुरक्षितता व सुलभता या तिन्ही बाबतींत त्याने स्वतःत सुधारणा घडवल्या आहेत.

२. संकेत हे रेल्सचे खरे योगदान असून ते इतर फ्रेमवर्कमध्येही रुजले आहे. त्यामुळे रेल्सची लोकप्रियता घटली, तरी त्याची विचारसरणी नाहीशी होणार नाही.

३. 'ओमाकासे' व 'मोठा मांडव' या दोन सूत्रांतील विरोध अद्याप सुटलेला नाही. फाउंडेशनच्या स्थापनेने आर्थिक आधार मिळाला, परंतु निर्णयांत व्यापक सहभागाची व्यवस्था निर्माण झाली असे म्हणता येत नाही.

४. नव्या शिकणाऱ्यांचा ओघ हा भवितव्याचा निर्णायक घटक आहे. महाविद्यालयांनी एखादे परिपक्व फ्रेमवर्क अभ्यासाचा विषय म्हणून घेतल्यास विद्यार्थ्यांना केवळ एक साधन नव्हे, तर मोठी आज्ञावली दीर्घकाळ कशी जपली जाते याचे शिक्षण मिळेल.

साधने जुनी झाली म्हणून टाकून देण्याची घाई आणि आपली म्हणून कवटाळण्याचा हट्ट, हे दोन्ही चिकित्सेला मारक आहेत. रेल्सने माणसाच्या आनंदाला तंत्रज्ञानात स्थान मिळवून दिले. तो आनंद ते जपणाऱ्या सर्वांच्या वाट्याला कितपत येतो, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून राहील.