दिवाळी अंकांचे वारस

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचेही ताट मांडण्याची चाल महाराष्ट्रात पडली. या चालीचे कौतुक आपण दरवर्षी करतो. पण हे अंक पुढे जातात कुठे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. काही महिने ते वाचनालयातून घरोघर फिरतात, मग कपाटात जातात आणि तेथे त्यांचा स्वस्त कागद पिवळा पडून तुटू लागतो. ग्रंथपाल त्यांना वाचवू जातो, तेव्हा त्याची गाठ वाळवीइतकीच कायद्याशीही पडते.

आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क वारसांकडे, अशी त्यात मूळ मुदत होती. बर्नच्या आंतरराष्ट्रीय करारालाही तेवढी पुरते. परंतु रवीन्द्रनाथांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपू लागला, तेव्हा सरकारने ही मुदत दहा वर्षांनी वाढविली. आणि वाढविली ती सर्वांसाठी! एका महाकवीच्या निमित्ताने असंख्य विस्मृत लेखकांच्या कपाटांना आणखी दहा वर्षांचे कुलूप बसले.

थोरांची चिंता नको. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ च्या १ जानेवारीपासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. आज ती कोणीही छापावी. हक्क होता तेव्हाही ती घरोघरी होतीच. खरा प्रश्न आहे तो १९५५ च्या एखाद्या अंकातल्या कथालेखकाचा. तो १९९५ साली वारला असेल, तर त्याची कथा २०५५ अखेरपर्यंत बंदिस्त. म्हणजे शंभर वर्षे! शिवाय बाहेरच्या लेखकाने अंकाला कथा दिली, तरी तिचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. अंकात तीस लेखक असतील, तर तीस घरांचे पत्ते शोधणे आले.

कायद्याने वाट ठेवली आहे, पण ती किती अवघड! वारस सापडत नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र आधी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मराठी कथेचा मराठी वारस इंग्रजी वर्तमानपत्रात शोधावा, हा न्याय अजबच म्हणायचा. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयाला आपल्याजवळच्या ग्रंथाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवता येते, हे मात्र चांगले झाले. पण ती वाचकाला घरी पाठविण्याची मुभा त्यात नाही. म्हणजे ठेवा, पण वाढू नका!

आमच्या नव्या मुंबईत हे विशेष जाणवते. सिडकोची स्थापनाच १९७० ची. त्यापूर्वीचे अंक येथल्या वाचनालयांच्या वाट्याला कोठून येणार? नेरुळच्या वाचकाने दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठावे, नाही तर १८९३ पासूनचे ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय. इंटरनेटने ही पायपीट खरे तर संपवायला हवी होती. मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतात, ते कोणी तरी मनावर घेतले म्हणूनच.

याचा अर्थ लेखकाला लुटावे असा नव्हे. काल निघालेली कादंबरी आज फोनवरून फुकट वाटणे ही चोरीच आहे. चार पुस्तके लिहिलेल्या माझ्यासारख्याला तिची झळ कळते. परंतु जे पुस्तक कोणी विकतच नाही, त्याच्या कुलपाने कोणाचे पोट भरते? असे साहित्य वाचनालयांनी मोकळे करावे आणि वारसाने हरकत घेताच काढून घ्यावे, एवढी सवलत कायद्याने द्यायला हवी.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. या अंकाच्या वाचकांत अशा लेखकांची मुले-नातवंडे नक्कीच असतील. आजोबांची एखादी कथा, आजीची एखादी कविता कुठल्या तरी जुन्या अंकात पडून असेल. हक्क तुमचा आहे. भावंडांची संमती घ्या आणि जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला परवानगीचे दोन ओळींचे पत्र लिहा. संपादकांनीही लेखकांकडून अशी परवानगी कथेबरोबरच मागून ठेवावी. जुन्या लेखकाला मानधन पोचविणे आता शक्य नाही. वाचक पोचविणे शक्य आहे.