टॅरास्क मरतो कसा?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला टॅरास्क हा महाकाय प्राणी फ्रान्समधल्या तारास्कों गावच्या दंतकथेवरून घेतलेला आहे. २०१४च्या नियमांत त्याचे प्राणांक ६७६. त्याला उडता येत नाही, दूरवर माराही करता येत नाही. म्हणून खेळाडू वाद घालतात : मंतरलेले बाण घेतलेला एक उडता धनुर्धर पुरे!

हिशेब करून पाहू. वीस पैलूंच्या फाशाच्या दोनच दानांना बाण लागतो आणि लागलेला बाण दहा प्राणांक घेतो असे धरले, तर बाणामागे सरासरी एक प्राणांक घटेल. सहा सेकंदांना एक बाण, म्हणजे सुमारे ६८ मिनिटे. गणित बिनचूक आहे. आमचा आक्षेप गृहीतकावर आहे. हा प्राणी तासभर उघड्यावर उभा राहून बाण का खाईल? नियम याबाबत गप्प आहेत, आणि त्या मौनालाच पुरावा मानले जाते.

२००३च्या नियमांत तो दर सहा सेकंदांना ४० प्राणांक भरून काढी. शिवाय शेवटी इच्छापूर्तीच्या किंवा चमत्काराच्या मंत्राशिवाय मरत नसे. तिथे आपला धनुर्धर जन्मभर बाण सोडीत राहिला तरी व्यर्थ. आम्हाला हाच टॅरास्क अधिक पटतो. हौदाच्या दोन तोट्यांच्या गणिताला कंटाळलेल्या वर्गाला तो देऊन पाहावा : किती धनुर्धर लागतील?