जेवणाची वेळ की जेवणाची चाहूल?

नवापूरच्या किनाऱ्यावर होड्या भरती बघून लागतात, आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. तरी इंजिनचा आवाज आला की मांजरं हजर! वेळ ठाऊक असणं वेगळं, चाहूल लागणं वेगळं. प्राणिसंग्रहालयातल्या खाण्याच्या वेळापत्रकांवरचे पेपर वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

या विषयात हमखास उद्धृत होतो तो कॉरी वेट आणि हॅना ब्यूकॅनन-स्मिथ यांचा 2001 चा पेपर. नेहमीची वेळ टळून गेली, खाणं आलं नाही, तेव्हा बंदिस्त आखूडशेपटी मकाक माकडांचं अंग खाजवण्यासारखे चाळे, ओरडणं आणि अस्वाभाविक वर्तन वाढलं. काम नेटकं आहे. पण त्यावरून प्रपोजलमध्ये 'अनियमित वेळ प्राण्यांना वाईट' असं लिहिलं जातं, तिथे माझा आक्षेप आहे. आधी वेळेची सवय लावायची आणि मग उशीर करायचा, हा एक प्रयोग झाला. मुळापासूनच वेळ बदलती ठेवणं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

बॅसेट आणि ब्यूकॅनन-स्मिथ यांच्या 2007 च्या आढाव्यात ही गाठ सुटते. ते वेळेचा अंदाज आणि खुणेचा अंदाज वेगळे धरतात. वेळ बदलती असली तरी खूण भरवशाची हवी. व्यवहारात अडचण इथेच येते. बादली वाजली, पण खाणं शेजारच्या पिंजऱ्यात गेलं, तर ती खूण खोटी ठरते.

आता मोजमापाचं. ठरलेल्या वेळेआधीचा एकच तास बघितलात तर येरझाऱ्या भरपूर दिसणारच. बदलत्या वेळापत्रकात तसा 'आधीचा तास' प्राण्यासाठी नसतोच. म्हणून दोन्हींची तुलना करायची तर दिवसभराची निरीक्षणं हवीत.

शिवाय गर्दीचा परिणाम वेगळा काढा. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते, प्राण्यांचं खाणं मात्र बंद नसतं. परवानगी मिळाली तर बुधवारची निरीक्षणं सोन्यासारखी. फक्त आधी रोस्टर बघा. अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. तो सुट्टीच्याच दिवशी आला तर गर्दी नाही म्हणून बदल झाला की मांस नाही म्हणून, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

गाईडकडे जाण्याआधी एक ओळ लिहून न्या: मी नेमकं काय बदलतोय, वेळ की खूण?